सतरा नंबरची ओवी

“भांडी वाजली तरी चालतील, नवसा. तू वाजू नकोस.”

या बोलण्याला बावीस वर्षं झाली. माणसं म्हातारी होतात, बोलणं होत नाही. नवसाबाई नाशिकच्या सिडकोतल्या आपल्या पोळी-भाजी केंद्रात तव्यासमोर उभी असायची, शेजारी कुणाच्या हातून झाकण निसटून खणकन वाजायचं, आणि तो आवाज तसाच, त्याच मऊ सुरात, तिच्या कानाशी येऊन उभा राहायचा.

दिवाळीचा पाडवा होता. गंगापूर रोडच्या बंगल्यात बाहेर पाहुणे बसलेले, मागे मोरीत फराळाच्या ताटल्यांचा डोंगर. नवसाबाईला तिथं कामाला लागून आठच दिवस झाले होते. नवरा मोतीराम त्या घरचा ड्रायव्हर, त्यानंच तिला चिकटवलं होतं. ती पातेलं घासत होती आणि हाताच्या चालीवर गळा आपसूक चालला होता. माहेरची, देवळा गावाकडची अहिराणी ओवी. आपण गातोय हे तिला कळलंही नव्हतं; श्वास घेताना कुणाला कळतं? तेवढ्यात शैलाबाई दारात आल्या. घरच्या मालकीणबाई, तेव्हा तिशीतल्या, अंगावर नवी पैठणी. त्या रागावल्या नाहीत. आवाज चढवला नाही. पोराच्या गालाला चिकटलेलं शीत पुसावं इतक्या सहज, हसून, एवढं बोलल्या आणि निऱ्या सावरत परत पाहुण्यांत गेल्या.

नवसाबाईच्या जिभेवर उत्तर आलं होतं. एवढंसं, दोन घासांचं. तिनं ते गिळलं, कारण नवऱ्याची नोकरी त्याच दाराला बांधलेली होती. पुढचे सात महिने तिनं तिथं भांडी घासली, पण गळ्यातून एक सूर बाहेर पडू दिला नाही. भांडी मात्र अशी वाजवली, अशी वाजवली, की कुंपणावरची मांजरं दुसऱ्या गल्लीत राहायला गेली. मग कंबरेचं निमित्त करून तिनं काम सोडलं आणि मोतीरामला शपथ घातली.

“माझा गळा त्या घराच्या कानावर पडायचा नाय. त्यांनी सोन्याचा पाट मांडला तरी नाय. तुझ्या तोंडून माझं नाव गेलं, तर त्या दिवसापासून तुझ्या डब्यात भाकरी नाय.”

मोतीराम खाण्याला हळवा माणूस. त्यानं शपथ पाळली.

आता डबीची गोष्ट. मोतीरामचे साहेब, शैलाबाईंचे यजमान, वकील ढुंढिराजपंत, महिन्यातून दोनदा कोर्टाच्या कामाला मुंबईला जायचे. परतीच्या वाटेत साहेब मागे घोरायचे आणि पुढे मोतीरामच्या पापण्या जड व्हायच्या. एकदा कसाऱ्याच्या घाटात गाडी कठड्याला घासता घासता राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं मेन रोडवरून काडेपेटीएवढा निळा प्लेअर आणला. आत एक बारीक सेल, वर एक तांबडं बटण. ते दाबलं की समोरचा आवाज तो पोटात ठेवून घ्यायचा. घरात सगळे त्याला डबी म्हणायला लागले.

“यात गा,” मोतीराम म्हणाला. “घाटात जागा राहीन.”

ती गायली. खाटेवर बसून, डबी उशीवर ठेवून, तीन रविवारांत सत्तावीस गाणी. पंधरा नंबरला तिनं नवीच ओवी रचली:

*रातनी वाट लांब देवा, झोप नको येऊ दे,*
*मन्हा गाडीवाल्याले घरना दिवा दखू दे.*

आणि सतरा नंबरला तिनं मोरीची ओवी घातली. ती गाताना तिनं डोळे मिटले नव्हते. मोतीरामनं ती एकदाच ऐकली. त्यानंतर सोळा संपलं की त्याचा अंगठा न बघता बटणावर जायचा आणि अठरा सुरू व्हायचं.

गाडीच्या टेपला पुढं एक बारीक भोक होतं. वायरचं एक टोक तिथं, एक डबीत, की बायको घाटभर सोबत. साहेब घोरत असताना, नाहीतर गाडी रिकामी असताना. वर्षानुवर्षं हे कुणाला कळलं नाही. पण गेल्या दसऱ्याला आभा, साहेबांची लेक, बंगळूरहून आली आणि तिला आणायला गेलेला मोतीराम वायर काढायला विसरला. चावी फिरवली आणि गाडी नवसाबाईच्या आवाजानं भरून गेली. मोतीरामचा हात झेपावला.

“राहू द्या काका,” आभा म्हणाली. तिनं पूर्ण गाणं ऐकलं. मग म्हणाली, “कोण आहे ही?”

मोतीरामला भाकरी आठवली. “असंल तिकडची कुणी. सटाण्याच्या बाजारातून भरून घेतलं होतं.”

झालं. आठ दिवसांत शैलाबाईंनीही ऐकलं. फिरायला निघाल्या की म्हणायच्या, “मोतीराम, ती लावा.” आभाचं लग्न ठरल्यावर मांडवाच्या सजावटीपासून सनईपर्यंत सगळं बदललं गेलं, पण एक ठरलं ते ठरलं. आभाच्या हळदीला हीच बाई गाणार. डबी नाही, बाई. “शोधा,” त्या म्हणाल्या. मोतीराम चार महिने शोधत होता, म्हणजे रोज संध्याकाळी घरी येऊन जिला शोधायचं तिच्या हातचं जेवत होता.

“सांगून टाक ना एकदाचं,” तो म्हणायचा. “लेकरू चांगलं हे. तुझ्याच मांडीवर न्हालेलं.”

“लेकरू चांगलंच हे. मी लेकरावर रुसले का?”

“मग?”

“वाढू का आणखी आमटी?” असं म्हणून ती विषय मिटवायची.

पण मिटलेला विषय आणि झाकलेलं दूध, दोन्हीवर लक्ष ठेवावं लागतं. आभाला ओव्या ऐकवाव्यात, तिच्या अंगाला हळद लागताना आपला सूर तिथं असावा, असं नवसाबाईला वाटत नव्हतं का? वाटत होतं. सात महिन्यांच्या त्या मुक्या काळात मोरीच्या उंबऱ्यावर बसून ‘मावशी, गोष्ट’ म्हणणारं तेवढं एकच पोर होतं. पण ओवी गायची तर त्या घरात गायची, आणि कुणाची म्हणून गायची? ‘कुणीतरी तिकडची’ म्हणून? की भांडीवाली म्हणून, कौतुकानं, ‘अगंबाई, आमची नवसा गातेसुद्धा’ म्हणून? तिला ते कौतुक नको होतं.

माघात वकिलांनी नवी गाडी घेतली. पुढं हातभर काचेचा पडदा, आणि वायर खुपसायला भोकच नाही. शोरूमचा माणूस म्हणाला, “काका, वायरचा जमाना गेला. फोन जोडा.” फोनमध्ये गाणी घ्यावीत तर डबीचं संगणकाला लावायचं तोंड केव्हाच तुटलेलं. दोन दिवस शैलाबाई अशा उदास, की जणू माहेरचं कुणी आजारी आहे. शेवटी मोतीराम द्वारका चौकात गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेला. दुकानदारानं अंगठ्याएवढं एक यंत्र दिलं. ते सिगारेट पेटवायच्या खाचेत बसवायचं, त्याची वायर डबीत घालायची आणि गाडीच्या रेडिओला त्या यंत्रावरचाच आकडा लावायचा.

“आता तुमची डबी म्हणजे रेडिओ स्टेशन,” दुकानदार म्हणाला. “फक्त दुसरं कुणी त्या आकड्यावर आलं की भांडण. मग आकडा बदलायचा.”

केंद्रात येऊन मोतीरामनं हे नवसाबाईला सांगितलं, आणि मग पाणी पिऊन, घसा साफ करून पुढचं सांगितलं. शैलाबाईंनी वही काढली होती. एकेक गाणं ऐकून त्यातलं गाव उतरवून घेतलं होतं. भावाचं नाव धोंडीराम. बांधावर वाकलेली चिंच. डोंगरापल्याड देवळा. रविवारी त्या स्वतः गाडी घेऊन शोधायला निघणार होत्या.

“ओवीवरून गाव?” नवसाबाई थक्क झाली. “ओवी म्हंजे काय पत्ता हे?”

“आन् तुलाबी बोलावलंय. तिकडली बोली त्यांना समजत नाय. अर्थ सांगायला.”

नवसाबाईनं परात खाली ठेवली. मग हसायला लागली. इतकी हसली की केंद्रातल्या दोन्ही बाया बाहेर येऊन बघायला लागल्या.

“येते,” ती म्हणाली. “मलाबी बघायचं, ती बाई कशी सापडत नाय ते.”

रविवारी सकाळी गाडी निघाली. मागे शैलाबाई आणि आभा, पुढे मोतीराम, त्याच्या शेजारी इस्त्रीचं लुगडं नेसलेली नवसाबाई आणि तिच्या मांडीवर डबी. यंत्राची वायर आखूड होती, म्हणून डबी तिलाच धरावी लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज तिच्या स्वतःच्या मुठीत होता.

आडगाव मागे पडलं आणि पहिली ओवी सुरू झाली.

*बांधवरनी चिंच वाकनी, तिनी सावली अंगणमा,*
*भाऊ मन्हा धोंडीराम, उभा मन्हा मांडवमा.*

“सांग हं नवसा,” शैलाबाई वही उघडून पुढं वाकल्या.

“बांधावरची चिंच वाकली, तिची सावली अंगणात पडली. माझा भाऊ धोंडीराम मांडवात उभा आहे.” नवसाबाई बंगल्यात बोलायची ती शुद्ध बोली बोलत होती, तांदूळ निवडावेत तशी.

“म्हणजे बहिणीच्या लग्नाला उभा राहिलेला भाऊ. किती साधं आणि किती… आभा, ऐकतेस ना?”

“ऐकतेय आई. तू बोलायची थांबलीस तर आणखी ऐकू येईल.”

पिंपळगावच्या आसपास द्राक्षांच्या गाड्यांची रांग लागली आणि ओवीच्या मध्येच एक पुरुष केसांच्या तेलाबद्दल जोरजोरात बोलायला लागला. मोतीरामनं आकडा बदलला. पुरुष गेला, नवसाबाई परत आली. असं दोनदा झालं. मग पंधरा नंबर लागला, रातच्या गाडीवाल्याची ओवी.

“गाडीवाला म्हणजे बैलगाडीवाला असणार,” शैलाबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “जुनं गाणं दिसतंय. नवरा असेल का गं तो?”

“नवराच. आणि बैलगाडीच असंल,” नवसाबाई म्हणाली. “एकाच बैलाची.”

मोतीरामला ठसका लागला.

“पाणी घ्या काका,” मागून आभा म्हणाली आणि तिनं बाटली पुढं केली. बाटली देताना ती नवसाबाईकडं थोडी जास्त वेळ बघत राहिली.

सोग्रस फाट्यावर चहाला थांबले. नवसाबाईनं डबी थांबवून पदराखाली घेतली. कांद्याच्या ट्रॅक्टरांची धूळ, भज्यांचा वास. शैलाबाई थेट चहावाल्याकडं गेल्या. “अहो, इकडं धोंडीराम नावाचे कुणी आहेत का? बांधावर वाकलेली चिंच आहे त्यांच्या.”

चहावाल्यानं गाळणी आपटली. “कोणता धोंडीराम, ताई? पंक्चरवाला, डेअरीवाला, का वारला तो? इकडं धोंडा भिरकावला तरी धोंडीरामलेच लागस.”

“त्यांची बहीण गाते.”

“बहिणी तर सगळ्यासन्या गातस.” तो कप भरता भरता थांबला. नवसाबाईच्या तोंडाकडं बघून म्हणाला, “ओ माय, तू तं आमना डेअरीवाला धोंडूभाऊनी बहीण ना? नवसाअक्का?”

नवसाबाईनं चटकन बाजूला पाहिलं. शैलाबाई पैसे काढायला पर्समध्ये वाकल्या होत्या. मागून एक ट्रॅक्टर फटफटत गेला. त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

“नई भाऊ,” ती म्हणाली. “मी नाशिकनी शे.”

चहावाल्यानं तिला पुन्हा एकदा निरखलं, खांदे उडवले आणि कप ठेवला. बस, एवढंच. पण तिच्या हातातला चहा तिला गेला नाही. धोंडू. लग्नात मांडवाच्या खांबाला धरून तिच्यापेक्षा जास्त रडलेला धोंडू. दर भाऊबीजेला पिशवीभर लसूण आणि बरणीभर तूप घेऊन एसटीनं येणारा धोंडू. त्याला तिनं भर फाट्यावर, चहाच्या टपरीवर, नाही म्हटलं होतं. आणि कशासाठी? आपण त्या घराशी लढतोय असं ती बावीस वर्षं समजत होती. ही कसली लढाई? त्यांनी मुकी राहा म्हटलं, आणि ही मुकी राहिली. गळा लपवता लपवता आज भाऊ लपवला. उद्या आई लपवशील, ती स्वतःला म्हणाली, आणि मग लपवायला आत कुणी उरायचंच नाही.

तिनं चहा जमिनीवर ओतला आणि गाडीत जाऊन बसली.

भावडबारीचा घाट लागला. दोन्ही बाजूंना उन्हानं भाजलेले डोंगर, वळणावळणानं कांद्याचे ट्रॅक्टर धापा टाकत चाललेले. सोळा नंबर संपत आला. मोतीरामचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डबी बायकोच्या मांडीवर होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं. भुवईनं खूण केली: पुढचं लाव.

तिचा अंगठा बटणावर होता. तो तिथंच राहिला.

“नवसे,” तो हळूच म्हणाला.

“गाडी चालव तू.”

सोळा संपलं. डबीत क्षणभर खाटेची कुरकुर ऐकू आली, आणि सतरा सुरू झालं. हा सूर बाकीच्या गाण्यांसारखा नव्हता. त्याला धार होती.

*मोरीमा बसनू बाई, हातमा राख नि पानी,*
*भांडा वाजोत म्हने बाई, तू नको म्हनू गानी.*

“हे नवीनच आहे,” शैलाबाई म्हणाल्या. “हे कसं कधी ऐकलं नाही? मोतीराम, हे होतं यात?”

मोतीराम रस्त्याकडं बघत होता.

“अर्थ सांग नवसा.”

“मोरीत बसलेय, हातात राख आणि पाणी आहे.” नवसाबाईचा आवाज स्थिर होता. “खरं तर पावडर होती. पण ओवीत पावडर बसत नाही.”

“तुला काय ठाऊक पावडर होती?”

“बाई म्हणते, भांडी वाजू देत, पण तू गाणी म्हणू नकोस,” नवसाबाईनं पुढची ओळ सांगितली.

शैलाबाईंनी वही मिटली. त्यांचा चेहरा खरोखर लालसर झाला होता. “म्हणजे ही भांडी घासायची कुणाकडं तरी. आणि त्या बाईनं हिला गाऊ दिलं नाही. असल्या गळ्याला. काय एकेक माणसं असतात गं, आभा. देवानं दारात गाणं आणून ठेवलं आणि हिला भांड्यांची काळजी. कोण असेल ती मालकीण?”

मोतीरामनं गियर बदलला. दुसरी ओवी सुरू झाली होती.

*भांडा शेतस तुमना बाई, मोरी बी तुमनी शे,*
*गळा मन्हा…*

आणि आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा झाला, दोनदा थरथरला, बंद पडला. रेडिओतून नुसती खरखर यायला लागली.

“अहो, काय झालं? पुन्हा तो तेलवाला आला का?”

“सेल संपला, मॅडम,” मोतीराम म्हणाला. त्याच्या बोलण्यातून सुटल्याचा आनंद लपत नव्हता. “दुसरा हे पुढच्या कप्प्यात. पण आता घाटात… देवळ्यात गेल्यावर घालतो की.”

“मला आत्ता ऐकायचंय. भांडी तुमची, मोरी तुमची, आणि गळा? गळा काय? थांबवा गाडी जरा.”

वळणाच्या पुढं रुंद जागा होती. मोतीरामनं गाडी कडेला घेतली आणि कप्प्याकडं हात नेला. नवसाबाईनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला. पोळ्या लाटून लाटून घट्टे पडलेला, जड हात.

“राहू दे,” ती म्हणाली.

तिनं डबीतली वायर उपसली. मग ते अंगठ्याएवढं यंत्रही खाचेतून ओढलं आणि दोन्ही गुंडाळून त्याच्या मांडीवर ठेवलं. खरखर चालूच होती. आभानं मागून हात लांब करून पडद्यावर बोट ठेवलं आणि रेडिओ बंद केला. घाटातला वारा तेवढा उरला, आणि दूर चढणीवर एका ट्रॅक्टरचं कण्हणं.

नवसाबाईनं पदर डोक्यावरून नीट घेतला. कुणाकडं वळून पाहिलं नाही. समोरच्या काचेतून पल्याडच्या उतारावर देवळ्याचा रस्ता दिसत होता, तिकडं बघत तिनं सूर लावला. जिथं डबी तुटली होती बरोबर तिथून.

*गळा मन्हा मायना, त्यावर सत्ता कोनी शे?*

गळा माझ्या आईचा, त्यावर सत्ता कुणाची? डबीतल्यापेक्षा हा आवाज जाडावला होता. वयाची थोडी रेती मिसळली होती त्यात. पण वळण तेच, शेवटच्या अक्षरावरचा तो झटका तोच. ‘शे’ गाडीच्या काचांना लागून परत आलं. मोतीरामनं दोन्ही हात मांडीवर घेतले, देवळात बसल्यावर घेतात तसे.

आभा आधी बोलली. “मला बाटली देतानाच वाटलं होतं, मावशी. तुम्ही एक बैल म्हणालात तेव्हा.”

“नवसा,” शैलाबाई म्हणाल्या. त्या पुढच्या सीटला धरून वाकल्या. “तू?”

“मी.”

“पण तू… इतकी वर्षं तू आमच्या… आणि धोंडीराम?”

“माझा धाकटा भाऊ. देवळ्यात दुधाची डेअरी आहे त्याची. चिंच पण आहे, चला दाखवते. फाट्यावर चहावाल्यानं ओळखलं होतं मला. मी त्याला नाही म्हणाले. आज घरी गेल्यावर धोंडूच्या पाया पडणार आहे मी, मोठी असून.”

शैलाबाईंच्या मांडीवर वही तशीच मिटलेली होती. “चार महिने मी शोधतेय. चार महिने, नवसा. मोतीराम, तुम्हाला माहीत होतं?”

“मला भाकरी पाहिजे असते, मॅडम,” मोतीराम म्हणाला. दुसऱ्या कोणत्याही वेळी आभा यावर हसली असती.

“अगं, मग सांगायचं नाही का? एक शब्द बोलली असतीस तर मी तुला घरी येऊन, ओटी भरून बोलावलं असतं.”

“माहीत आहे. तुम्ही केलं असतं.” नवसाबाई आता वळली. सीटच्या मधून तिनं शैलाबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच. “आभासाठी मी गाईन. माझं लेकरू आहे ते. पण मांडवात गाईन, पुढं, पाटावर बसून. कुणी विचारलं ही कोण, तर सांगायचं, नवसाबाई, धोंडीरामची बहीण, देवळ्याची. आमची भांडीवाली म्हणून सांगायचं नाही. आमची म्हणूनही नाही.”

“कबूल आहे. सगळं कबूल आहे.”

“थांबा, बाई. सगळं ऐकलं नाही तुम्ही अजून. मघाशी विचारलंत, ती मालकीण कोण असेल.”

शैलाबाईंचा हात वहीवर होता. तो हलायचा थांबला.

“दिवाळीचा पाडवा होता. तुम्ही नवी पैठणी नेसला होता, मोरपंखी. मोरीच्या दारात आलात आणि म्हणालात, भांडी वाजली तरी चालतील, नवसा. तू वाजू नकोस.”

“मी?” शैलाबाई म्हणाल्या. त्या आठवत होत्या, मनापासून आठवत होत्या, हे त्यांच्या कपाळावर दिसत होतं. पैठणी आठवली असावी. बाकी काही हाती लागत नव्हतं. “मी असं… मला खरंच नाही गं…”

“तुम्हाला नाहीच आठवायचं. हसून बोलला होता तुम्ही.”

घाटातून एक ट्रॅक्टर वर आला, त्यांच्या शेजारून गेला, मागे कांद्याची दोन-चार लाल टरफलं उडवत. तो वळणाआड जाईपर्यंत नवसाबाई थांबली. तिला कुणाच्या आवाजात आपला आवाज मिसळायचा नव्हता.

“तेव्हाच बोलायचं होतं, ते आज बोलते,” ती म्हणाली. “मी वाजत नव्हते, बाई. मी गात होते.”